जास्त व्होल्टेजची जुनी सवय: गोव्याच्या कारखान्यांतील वीजबचतीची पार्श्वभूमी

कुंडईच्या एका कारखान्यात रात्रपाळीला असताना मी मेन पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच फिरवून तिन्ही फेजचं व्होल्टेज पाहिलं. 446, 444, 447. निम्म्याहून जास्त मशीन बंद होती. आमचा पुरवठा कागदावर 415 व्होल्टचा. शेजारी उभ्या फोरमन काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "अरे, रात्री असंच असतं. कमी असण्यापेक्षा जास्त बरं."

हे एकट्या काकांचं मत नव्हतं. गोव्यातल्या इलेक्ट्रिशियनांच्या दोन पिढ्या या समजुतीवर वाढल्या, आणि त्यामागे सबळ कारणही होतं. आज 'व्होल्टेज ऑप्टिमायझेशन', म्हणजे व्होल्टेज गरजेपुरतं उतरवून वीज वाचवणं, या नावाने जी यंत्रं विकायला येतात ती समजून घ्यायची, तर ही समजूत कुठून आली ते आधी पाहायला हवं.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा वीज होती ती मोजक्या शहरांपुरती, स्थानिक जनित्रांच्या भरवशावर. 1963 मध्ये वीज खातं स्थापन झालं, 1966 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आलं. खोर्ली, मडगाव, सांकवाळ आणि पुढे कुंडई, बेतोडा, थिवी, वेर्णा अशा वसाहती उभ्या राहत गेल्या. वीज मात्र बाहेरूनच यायची. कोरबा, विंध्याचल, रामगुंडमसारख्या केंद्रीय प्रकल्पांतला वाटा कोल्हापूर आणि कर्नाटकच्या बाजूने डोंगर उतरून येतो. सांकवाळचा 48 मेगावॅटचा नाफ्थ्यावरचा खासगी प्रकल्प उभा राहिला तो 1990 च्या दशकाच्या अखेरीस, आणि तोही राज्याची गरज भागवण्याइतका मोठा नव्हता.

लांबून आलेली वीज, त्यात कुळागरांतून आणि डोंगरकडांनी गेलेल्या 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) लांबच लांब लाइन. संध्याकाळी भार वाढला की शेवटच्या टोकाला व्होल्टेज कोसळायचं. कमी व्होल्टेजवर मोटर जास्त करंट ओढते, तापते, आणि वाइंडिंग जळतं. रिवाइंडिंगचा खर्च आणि थांबलेलं उत्पादन या दोन्हींची झळ ज्यांनी सोसली, त्यांनी आपल्या ट्रान्सफॉर्मरचा टॅप एक-दोन घरं वर नेऊन ठेवला. त्या काळात ते अगदी बरोबर होतं.

हा टॅप म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते. कारखान्याच्या ट्रान्सफॉर्मरवर सहसा 11 केव्ही / 433 व्होल्ट असं लिहिलेलं असतं. 433 यासाठी की भार आल्यावर थोडं व्होल्टेज पडून मशीनपर्यंत 415 च्या आसपास पोहोचावं. 11 केव्हीच्या बाजूच्या गुंडाळीला अडीच-अडीच टक्क्यांच्या पायऱ्या काढलेल्या असतात. लाइन कमी व्होल्टेजने येत असेल तर त्या बाजूचे वेढे कमी करायचे, की दुसऱ्या बाजूला व्होल्टेज वाढतं. बहुतेक वितरण ट्रान्सफॉर्मरांवर हा टॅप पुरवठा बंद करूनच हलवावा लागतो. चालू भारावर टॅप बदलण्याची सोय बर्नहार्ड यानसेन या जर्मन अभियंत्याने 1927 मध्ये पेटंट केली होती, पण ती महाग असल्यामुळे मोठ्या उपकेंद्रांतच दिसते. कारखान्यात एकदा बसवलेला टॅप वर्षानुवर्षं तिथेच राहतो.

मधल्या काळात बाहेरचं चित्र बदललं. वसाहतींजवळ 33/11 केव्हीची उपकेंद्रं आली, लाइन आखूड झाल्या, पुरवठा सुधारला. टॅप मात्र जुन्या टंचाईच्या घरातच राहिला. भर म्हणून पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला किती भाग खरा कामी येतो ते प्रमाण) सुधारण्यासाठी लावलेले कपॅसिटर रात्रीही जोडलेलेच राहतात आणि भार नसताना व्होल्टेज आणखी वर चढवतात. आमच्या पॅनेलवरच्या 446 चं मूळ इथे होतं.

1956 च्या भारतीय वीज नियमांतल्या 54 व्या नियमानुसार कमी दाबाच्या पुरवठ्यात घोषित व्होल्टेजपेक्षा 6 टक्क्यांहून जास्त फरक चालत नसे. 415 साठी ही मर्यादा साधारण 390 ते 440 होत असे. पण उच्च दाबाच्या, म्हणजे 11 केव्हीवर वीज घेणाऱ्या, ग्राहकाचा ट्रान्सफॉर्मर त्याचा स्वतःचा असतो. त्याच्या पुढचं व्होल्टेज सांभाळणं ही कारखान्याचीच जबाबदारी, आणि ही गोष्ट कित्येक मालकांच्या लक्षातच येत नाही.

जास्त व्होल्टेजने नुकसान किती? थर्मोस्टॅट नसलेल्या हीटरला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज 6 टक्के जास्त, तर वीज 12 टक्क्यांहून जास्त. मोटरचं गणित इतकं सरळ नाही. तिच्या लोखंडी गाभ्यातला ऱ्हास व्होल्टेजबरोबर वाढतो, त्यामुळे कमी भारावर फिरणाऱ्या मोटरचं व्होल्टेज उतरवलं की बचत होते. पूर्ण भारावरच्या मोटरचं व्होल्टेज उतरवलं तर करंट वाढतो आणि तांब्यातला ऱ्हास बचत खाऊन टाकतो. शिवाय टॉर्क, म्हणजे मोटरचा फिरवण्याचा जोर, व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणून अति उतरवलं तर क्रशर किंवा कॉम्प्रेसर सुरू होतानाच अडतो.

व्होल्टेज उतरवून वीज वाचवण्याचा विचार जगात गांभीर्याने सुरू झाला तो 1973 च्या तेलसंकटानंतर. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी फीडरचं, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वितरण लाइनचं, व्होल्टेज मर्यादेच्या खालच्या टोकाकडे नेऊन चाचण्या केल्या. 1977 मध्ये नासाच्या मार्शल केंद्रातले अभियंते फ्रँक नोला यांना एका नियंत्रकाचं पेटंट मिळालं. मोटरवर भार कमी आहे हे ओळखून तो तिचं व्होल्टेज आपोआप उतरवायचा. आज आपल्याकडे 'एनर्जी सेव्हर' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक डब्यांचं मूळ तिथे आहे. कारखान्यातली मोटर जर पूर्ण भारावरच चालत असेल, तर असा डबा तिला काहीच देत नाही. खरेदीआधी हा प्रश्न विचारणारे मला फार थोडे भेटले.

या उद्योगाला खरा बहर आला तो ब्रिटनमध्ये. युरोपाशी मेळ घालण्यासाठी तिथे 1 जानेवारी 1995 पासून अधिकृत व्होल्टेज 240 वरून 230 झालं. बदलली ती मर्यादेची व्याख्या. तारांतून येणारी वीज बहुतेक ठिकाणी पूर्वीसारखी 240 च्या आसपासच राहिली. 230 साठी बनलेल्या उपकरणांना जास्त व्होल्टेज मिळू लागलं, आणि ते उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरांची बाजारपेठ तयार झाली.

गोव्यात त्याच सुमारास वेगळंच चाललं होतं. 1991 मध्ये सरकारने नव्या उद्योगांना वीजबिलात 25 टक्के सवलत जाहीर केली. ती 1995 मध्ये मागे घेतली गेली आणि तिच्यावरचे खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेजारच्या राज्यांपेक्षा स्वस्त वीज हे गोव्यात कारखाना काढण्याचं मोठं आकर्षण होतं. बिल कमी असताना टॅप कोण बघणार? कारखान्यांनी त्या काळात सर्वो स्टॅबिलायझर घेतले, पण ते व्होल्टेज स्थिर ठेवण्यासाठी. आकडाही बहुधा 415 वरच ठेवलेला. त्याच यंत्रातून 400 मिळू शकतात, हे पॅनेलच्या दारावरचा नॉब फिरवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा आणि 2002 मध्ये स्थापन झालेला ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो यांच्यामुळे एनर्जी ऑडिट हा शब्द वसाहतींत पोहोचला. ऑडिटर मीटर घेऊन आले आणि चोवीस तासांचा व्होल्टेजचा आलेख पहिल्यांदा कागदावर उतरला. माझ्या मते गोव्यातल्या व्होल्टेज ऑप्टिमायझेशनची खरी सुरुवात हा आलेख आहे.

आमच्याकडे टॅप बदलला तो चतुर्थीच्या सुटीत. कारखाना बंद, एचटीचा, म्हणजे 11 केव्हीच्या बाजूचा, शटडाऊन घेतलेला, अर्थिंग केलेलं. टॅपच्या हँडलवर इतका गंज होता की आधी तेल सोडून तासभर थांबावं लागलं. उणे अडीच टक्क्यांवरून अधिक अडीच टक्क्यांवर, म्हणजे दोन घरं. पुरवठा परत आल्यावर फोरमन काकांनी स्वतः सिलेक्टर फिरवला. 424. ते काही बोलले नाहीत, वहीत आकडा आणि तारीख लिहिली. खर्च झाला तो दोन माणसांच्या एका दिवसाच्या कामाचा. मग आठवडाभर संध्याकाळच्या पूर्ण भाराला सर्वांत लांबच्या मशीनवर व्होल्टेज मोजलं. ते 400 च्या खाली गेलं नाही, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

म्हणून मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो की लाखाचं यंत्र घेण्याआधी आपला टॅप कुठे आहे ते पाहा. टॅप बदलूनही दिवसभरात व्होल्टेज फार वरखाली होत असेल, तरच स्वयंचलित यंत्राचा विचार करावा.

आता बचतीची जागाही आक्रसत चालली आहे. चोकवाल्या ट्यूबलाइट आणि सोडियम दिवे जाऊन एलईडी आले, मोटरांना वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी लागले. ही दोन्ही उपकरणं व्होल्टेज कितीही असो, कामाला लागते तेवढीच वीज घेतात, त्यामुळे व्होल्टेज उतरवून त्यांच्याकडून फारसं काही मिळत नाही. जुन्या थेट जोडलेल्या मोटरा आणि कमी भारावरची मशीन जिथे जास्त आहेत, तिथे अजून वाव आहे.

आणि व्होल्टेज वर नेणारं एक नवं कारण छपरांवर येऊन बसलं आहे. रविवारी दुपारी कारखाना बंद असतो, छतावरचे सौर पॅनेल भर उन्हात वीज लाइनमध्ये ढकलत असतात, आणि त्यासाठी इन्व्हर्टरला व्होल्टेज लाइनपेक्षा थोडं वर न्यावं लागतं. एका ओळखीच्या कारखान्यात इन्व्हर्टर दर रविवारी 'ओव्हर व्होल्टेज' दाखवून बंद पडायचा. तिथेही ट्रान्सफॉर्मरचा टॅप अजून त्या जुन्या टंचाईच्या घरातच होता.