स्वनिर्मित विमान : इंजिनाची मान्यता

हौसेने स्वतः बांधलेल्या विमानात नव्या बनावटीचे किंवा मोटारगाडीवरून बेतलेले इंजिन बसविताना नागरी विमानवाहतूक नियंत्रकाकडून घ्यावी लागणारी परवानगी. कारखान्यात बनणाऱ्या विमान-इंजिनास प्रकार-प्रमाणपत्र (त्या बनावटीस नियंत्रकाने दिलेली मान्यता) लागते. अमेरिकी नियमांत त्यासाठी १५० तासांची टिकाऊपणाची चाचणी आहे. स्वनिर्मित विमानावर ती सक्ती नसते. त्याची भरपाई चाचणी-उड्डाणांतून होते. अमेरिकेतील रूढ प्रमाण इंजिन-प्रॉपेलरची जोडी प्रमाणित असल्यास २५ तास, नसल्यास ४० तास असे आहे.

स्वनिर्मित विमानात असे इंजिन बसविण्याच्या प्रथेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. राइट बंधूंसाठी चार्ल्स टेलरने घडविलेले सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन (१९०३) काही जण आद्य मानतात; पण तेव्हा परवानगी देणारेच कोणी नव्हते. ब्राझीलचा वैमानिक सांतोस-द्यूमाँ याच्या छोट्या विमानाचे आराखडे १९१० च्या सुमारास खुले झाले, हा दुसरा दावा. अमेरिकेतील हौशी विमानबांधणी करणाऱ्या बर्नार्ड पीटेनपोलने १९२९ च्या सुमारास फोर्ड मोटारीचे इंजिन विमानावर चढविले, तेथून प्रारंभ धरणे अधिक सयुक्तिक दिसते.

खरी अडचण इंजिनापेक्षा ते प्रॉपेलरला जोडण्यात असते. मोटारीचे इंजिन पूर्ण शक्ती मिनिटाला ५,००० च्या आसपास फेऱ्यांना देते. लहान विमानाच्या प्रॉपेलरला सुमारे २,७०० च्या पुढे फिरविण्यात फायदा नाही, कारण पात्याच्या टोकाचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ जातो. मध्ये गिअर किंवा पट्टा घातला की पिळाची कंपने उद्‌भवतात आणि क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) तुटू शकतो. इग्निशनच्या (इंधन पेटविण्याच्या) दोन स्वतंत्र व्यवस्था असाव्यात, अशीही सर्वसाधारण अपेक्षा असते.

इंधनाचा प्रश्न सातारा-सांगलीकरांना परका नाही. येथील साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून इथेनॉल निघते आणि पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता त्याचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आहे. इथेनॉल पाणी शोषते, काही रबरी नळ्या खराब करते. हलक्या विमानांत वापरल्या जाणाऱ्या रोटॅक्स ९१२ मालिकेच्या इंजिनांस १० टक्क्यांपर्यंतचे मिश्रण चालते. म्हणजे गावातला पंप येथे कामाचा नाही.

मूळचे सातारा जिल्ह्यातील कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची नोंदणी २०१७ मध्ये झाली. उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. या भागातील धावपट्ट्यांपैकी कोयना प्रकल्पाच्या काळातील कराडची वापरात आहे. सांगलीजवळची कवलापूरची बंद पडली.