न बांधलेल्या जहाजाचं ड्रॉइंग

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घरी लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात एक तपकिरी पाकीट आहे. त्यात बारा लांबट कागद, प्रत्येक अडीच फुटांचा, घड्या घातलेला. कागदांवर एका अंतराळयानाचे मजल्यागणिक प्लॅन आणि उभा छेद. हे यान कुठल्याही गोदीत बांधलं गेलेलं नाही. पाकिटाचे मालक वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. आम्ही त्यांना काका म्हणतो. मी पहिल्यांदा ते कागद उलगडले तेव्हा काका म्हणाले, "जरा हळू. हे पोस्टर नाही, जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग आहे." म्हणजे कुठे काय बसतं ते मापात दाखवणारं अख्ख्या यानाचं ड्रॉइंग.

काकांचं ते वाक्य काल्पनिक यानं मापात रेखाटण्याच्या या संपूर्ण छंदाच्या मुळाशी जातं. काल्पनिक यानांच्या तांत्रिक पुस्तिका टीव्हीच्या जगातून आल्या असं सर्रास मानलं जातं. माझ्या मते त्या ड्रॉइंग बोर्डवरून आल्या.

कल्पित वाहनाची मापं देण्याची रीत जुनी आहे. १८७० च्या सुमारास ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो आपल्या पाहुण्यासमोर नॉटिलस या आपल्या पाणबुडीचा प्लॅन, छेद आणि एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) मांडतो आणि मापं सांगतो: लांबी ७० मीटर, जास्तीत जास्त रुंदी ८ मीटर. पाणबुडीवर वाचकाचा विश्वास बसतो तो या आकड्यांमुळे. पुढे १९५० साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या 'ईगल' या मुलांच्या साप्ताहिकाने आगगाड्या, जहाजं, विमानं कापून आतली यंत्रं दाखवणारी चित्रं नेमाने छापली. मात्र तोवर ही सगळी लेखकांची आणि प्रकाशकांची कामं होती. वाचकाने स्वतः पट्टी हातात घेतली ती 'स्टार ट्रेक'मुळे.

ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षं चालली. तिच्यातलं एंटरप्राइज यान मॅट जेफरीज यांनी रेखाटलं. ते स्वतः वैमानिक होते, विमानांची त्यांना उत्तम जाण होती. यानाची लांबी ९४७ फूट ठरली, म्हणजे सुमारे २८९ मीटर. चित्रीकरणासाठी ११ फुटांचं मॉडेल बनलं. त्यात दिव्यांच्या वायरी डाव्या बाजूने आत नेल्या होत्या, त्यामुळे ती बाजू अर्धवटच राहिली आणि कॅमेरा शक्यतो उजवीकडूनच फिरला. पडद्याला एक बाजू पुरते. ड्राफ्ट्समनला दोन्ही लागतात.

असा ड्राफ्ट्समन मिळाला तो सॅन दिएगोत. फ्रान्झ जोसेफ श्नाउबेल्ट यांची नोकरी विमान कंपनीत डिझायनरची होती. त्यांची मुलगी कॅरन मालिकेच्या चाहत्यांच्या मंडळात होती. १९७३ साली तिने आणि तिच्या मित्रमंडळींनी मालिकेतली उपकरणं घरी बनवलेली त्यांनी पाहिली आणि त्यांना वाटलं, हे नीट मापात काढता येईल. आधी एकेक उपकरण कागदावर आलं, मग अख्खं यान. १९७५ मध्ये बॅलन्टाइन या प्रकाशनाने दोन गोष्टी बाजारात आणल्या: बारा कागदांचा ब्लूप्रिंट संच आणि 'स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल'. संचाचं शीर्षक 'बुकलेट ऑफ जनरल प्लॅन्स'. हा नौदलाच्या कागदपत्रांतला शब्द आहे, टीव्हीतला नव्हे. मॅन्युअल न्यूयॉर्क टाइम्सच्या कागदी बांधणीच्या पुस्तकांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. तेव्हा मालिका बंद होऊन सहा वर्षं झाली होती!

मॅन्युअलचा आव असा की ही खरी कागदपत्रं आहेत. यान चुकून विसाव्या शतकात आलं तेव्हा ओमाहा इथल्या अमेरिकी हवाई दलाच्या संगणकात ती शिरली. आत गणवेश शिवण्यासाठी बेतायचे नमुने आहेत, ध्वज आहे, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या धर्तीवर लिहिलेली मालिकेतल्या ग्रहसंघाची घटनाही. यानाच्या प्लॅनमध्ये बोलिंगची खेळपट्टी आहे, कारण एका भागात तिचा ओझरता उल्लेख होता. संवादातला एक शब्दही सुटता कामा नये, हा फ्रान्झ जोसेफ यांचा दंडक.

इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण ड्रॉइंग काय करू शकतं ते एका तपशिलात दिसतं. एंटरप्राइजचा ब्रिज, म्हणजे कॅप्टनची नियंत्रणखोली, गोल आहे. तिचा सेट दहा सारख्या पाचरींचा बनला होता. कॅप्टन समोरच्या पडद्याकडे तोंड करून बसतो आणि लिफ्टचं दार त्याच्या मागे, किंचित डाव्या अंगाला असतं. कॅमेऱ्याच्या सोयीने ते ठीकच. पण यानाच्या बाहेरच्या मॉडेलवर ब्रिजच्या घुमटामागे एक छोटा उंचवटा आहे, आणि तो बरोबर मध्यरेषेवर आहे. तो लिफ्टचा खांब मानला तर दारही मध्यरेषेवर यायला हवं. मग उरतो एकच मार्ग: अख्खी खोली एका पाचरीने, म्हणजे ३६ अंशांनी, फिरवायची. फ्रान्झ जोसेफ यांनी ती फिरवली. त्यांच्या प्लॅनमध्ये यान जातं एकीकडे आणि कॅप्टनचं तोंड असतं तिरकं, दुसरीकडे.

चाहते हादरले. कुणी म्हणालं, तो उंचवटा लिफ्टचा नाहीच. कुणी लिफ्टला आडवी सरकवली. पन्नास वर्षं होत आली, वाद मिटलेला नाही. पण मालिका पाहताना हा प्रश्न कुणाला पडला होता? बाहेरचं माप आणि आतलं माप एकाच कागदावर आलं तेव्हाच तो उभा राहिला. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. दोन पार्ट स्वतंत्रपणे बरोबर असतात, असेंब्ली ड्रॉइंगवर आले की एकमेकांना भिडतात.

पुढचा प्रवास अधिकच विलक्षण. १९७९ च्या पहिल्या चित्रपटात रेडिओवरच्या पार्श्वसंभाषणात काही यानांची नावं आणि क्रमांक ऐकू येतात, ते थेट या मॅन्युअलमधले आहेत. १९८२ च्या चित्रपटात ब्रिजवरच्या पडद्यांवर त्याच्या पानांमधल्या आकृत्या झळकल्या. घरच्या टेबलावर काढलेली रेघ मूळ कलाकृतीत जाऊन बसली! नंतर निर्मात्यांनी या पुस्तकाला अधिकृत मानायचं नाकारलं. मला ते कृतघ्नपणाचं वाटतं. पण तोवर वाट पडली होती. चाहते स्वतःच्या खर्चाने यानांच्या याद्या आणि छेदचित्रं छापू लागले. त्याच वाटेवरून १९९१ मध्ये रिक स्टर्नबाख आणि मायकल ओकुडा यांचं, नंतरच्या मालिकेतल्या नव्या एंटरप्राइजचं मॅन्युअल आलं. यान ६४२ मीटर लांब, ४२ मजल्यांचं. हे दोघे त्या मालिकेच्याच कला विभागात होते, आणि पुस्तक उगवलं ते पटकथाकारांसाठी केलेल्या अंतर्गत टिपणांतून. २०१० मध्ये तर गॅरेजवाल्यांना ठाऊक असलेल्या हेन्स कंपनीने, जिचा धंदाच मोटारदुरुस्तीच्या पुस्तिकांचा, एंटरप्राइजचीही पुस्तिका काढली.

ठाण्यात हे वेड पोचलं ते ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरून, रविवारी सकाळी. तेव्हाचं ठाणं म्हणजे वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स किंवा डिप्लोमा करून मुलं ड्रॉइंग ऑफिसात लागत. ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं, चुकलेली रेघ ब्लेडने खरवडणं, आणि ड्रॉइंगच्या प्रती काढायच्या अमोनिया प्रिंटचा तो डोळ्यांत पाणी आणणारा वास. काकांचा बारा कागदांचा संच त्यांच्या मावसभावाने अमेरिकेहून आणला. त्याच्या झेरॉक्स निघाल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या, आणि त्या वाशी-नेरूळपर्यंत गेल्या. मूळ संच कुणाकडे आहे याला आजही मान असतो, पण अस्सल जिव्हाळा त्या फिकट प्रतींभोवती आहे, कारण त्यांच्या समासात लोकांनी पेन्सिलने मापं तपासली आहेत.

जपणूक हे मोठं काम. आपल्या पावसाळ्यात प्लॅस्टिकचं पाकीट चिकट होतं आणि कागद धरून ठेवतं. काकांनी कागद केव्हाच बाहेर काढून बटर पेपरमध्ये सपाट ठेवले आहेत, पाकीट वेगळं. पाऊस संपला की दिवसभर पंख्याखाली हवा.

११ फुटांचं ते मॉडेल १९७४ पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. मोठ्या दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ते पुन्हा दर्शनी दालनात मांडलं गेलं. त्या दुरुस्तीचे फोटो आले तेव्हा काकांनी निवृत्तीनंतर पहिल्यांदा ड्राफ्टर, म्हणजे रेघा आखायचं साधन, पुसून बोर्डला लावला. ब्रिज आणि तो उंचवटा, एवढाच भाग त्यांनी नव्याने काढला, फर्स्ट अँगल या दृश्यं मांडायच्या पद्धतीत, कारण आयटीआयमध्ये हात त्यावरच बसला. त्यांच्या ड्रॉइंगमध्ये कॅप्टन सरळ पुढे पाहतो आणि लिफ्टचा खांब उंचवट्याच्या शेजारून, घुमटाच्या आतून वर येतो. खाली टायटल ब्लॉक आहे: स्केल, तारीख, 'ड्रॉन बाय'समोर त्यांची सही. 'चेक्ड बाय'चा रकाना रिकामा आहे. तो भरायला त्यांनी मला बोलावलं होतं, आणि गेले तीन रविवार आम्ही दोघं घुमटाच्या भिंतीची जाडी मोजतो आहोत.