थेंबातली वीज : किती आणि कुणाच्या कामाची?

२०२० च्या फेब्रुवारीत एक बातमी जगभर फिरली : पाण्याच्या एका थेंबाने १०० एलईडी पेटले. बातमी खोटी नव्हती. हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतले वांग झुआनकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ सेंटिमीटर उंचीवरून एक टपोरा थेंब पातळ फिल्मवर सोडला आणि १४० व्होल्टपेक्षा जास्त दाब मिळवला. ‘नेचर’मध्ये त्यांचा शोधनिबंध आला. लगेच छपरावरच्या पावसातून घरापुरती वीज मिळण्याच्या गप्पा सुरू झाल्या. तसं होणार नाही. तरीही हे संशोधन मोलाचं आहे, फक्त त्याचं मोल दुसरीकडे आहे.

दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकून दूर झाले की एकावर ऋण आणि दुसऱ्यावर धन प्रभार राहतो. थंडीत स्वेटर काढताना चटचट होतं ते यामुळेच. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ साली या परिणामातून वीज काढणारं छोटं उपकरण मांडलं. त्यालाच ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर म्हणतात. पुढे दोनपैकी एका पदार्थाच्या जागी चक्क पाणी वापरता येतं, हे दिसून आलं. पाणी टेफ्लॉनला (नॉनस्टिक तव्यावरच्या लेपाच्या द्रव्याला) टेकून ओघळून गेलं की टेफ्लॉनवर ऋणप्रभार उरतो. टेफ्लॉन विद्युतरोधक असल्यामुळे तो तिथेच मुक्काम ठोकतो.

हाँगकाँगच्या रचनेतली खुबी पाहण्यासारखी आहे. खाली पारदर्शक विद्युतवाहक थर असलेली काच, त्यावर टेफ्लॉनची फिल्म आणि फिल्मच्या वर ॲल्युमिनियमचा छोटासा तुकडा. आधी थेंबांचा मारा करून फिल्मवर प्रभार साठवायचा. सुमारे १६,००० थेंबांनंतर तो आणखी वाढत नाही. मग पुढचा थेंब पडतो, पसरतो आणि पसरता पसरता त्याची कड ॲल्युमिनियमला टेकते. तोवर तुटलेलं सर्किट पाण्यानेच जोडलं जातं आणि प्रभार एकदम धावत सुटतो. थेंब आकसू लागला की प्रभार उलटा फिरतो, थेंब सुटला की सर्किट पुन्हा तुटतं. ॲल्युमिनियमचा तो तुकडा नसलेल्या जुन्या रचनांपेक्षा या उपकरणाची शक्ती हजारो पटींनी जास्त भरली.

ही शक्ती चौरस मीटरला ५० वॉट भरली. पण हा आकडा क्षणिक उच्चांक आहे, काही मिलिसेकंदांपुरता. थेंबाकडे मुळात ऊर्जा किती असते? ०.१ मिलिलिटर पाणी १५ सेंटिमीटर खाली पडलं तर जेमतेम ०.१५ मिलिज्यूल. त्यातली दोन टक्क्यांच्या आसपास वीज झाली.

पावसाचाच हिशेब करू. महाबळेश्वरला वर्षाला ६,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका चौरस मीटरवर ६,००० लिटर पाणी पडतं. टपोरे थेंब सेकंदाला साधारण ८ मीटर वेगाने आपटतात, म्हणजे लिटरमागे ३२ ज्यूल. वर्षभराच्या पावसाची सगळी ऊर्जा, एक कणही वाया न घालवता, पकडली तरी हाती येते सुमारे १,९२,००० ज्यूल, म्हणजे एका युनिटचा विसावा भाग. तेवढ्याच आकाराचं सौर पॅनेल कडक उन्हात साधारण पाव तासात तेवढी वीज देतं. यंत्र कितीही सुधारलं तरी हा हिशेब बदलत नाही, कारण तो यंत्राचा नाही, पावसाचा आहे. थेंबातल्या विजेबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येकाने तो आधी मांडायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मग वाहत्या पाण्याचं काय? २०२५ साली सिंगापूरच्या नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या सिओवलिंग सोह यांच्या गटाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ३२ सेंटिमीटर उंच आणि २ मिलिमीटर रुंद प्लास्टिकची नळी, तिच्या तोंडावर धातूच्या सुईतून पडणारे थेंब. थेंब आपटताना मध्ये हवा अडकते आणि नळीतून पाण्याचा तुकडा, हवेचा तुकडा, पुन्हा पाण्याचा तुकडा असे उतरत जातात. अखंड धारेत प्रभार वेगळे होण्याची क्रिया भिंतीलगतच्या अतिशय पातळ थरापुरती राहते. तुकड्यांच्या प्रवाहात मात्र भिंत ओली होते, कोरडी होते, आणि प्रभार पुरते वेगळे होतात. वीज धारेच्या तुलनेत एक लाख पट वाढली, पाण्याच्या ऊर्जेपैकी १० टक्क्यांहून जास्त पकडता आली. चार नळ्यांनी १२ एलईडी २० सेकंद पेटत ठेवले. याच उंचीवरून १,००० लिटरची टाकी रिकामी केली, तर १० टक्क्यांच्या हिशेबाने ९ वॉटचा दिवा अर्धा मिनिट चालेल. धरणाच्या टर्बाइनशी स्पर्धा करण्याचा प्रश्नच येत नाही.

खरी जागा आहे ती मिलिज्यूलवर जगणाऱ्या सेन्सरची. शिवाय इथे प्रत्येक थेंब विजेचा एक ठोका देतो. ठोके मोजले की पावसाचा जोर कळतो, मोजण्यासाठी वेगळी वीज लागत नाही. माळीणला २०१४ मध्ये आणि इर्शाळवाडीला २०२३ मध्ये डोंगर खचला, तो मुसळधार पावसातच. अशा उतारांवर ठिकठिकाणी पर्जन्यमापक हवेत आणि त्यांची बॅटरी बदलायला कुणी वर चढावं लागू नये. पावसावरच चालणारं यंत्र तिथे शोभेल.

त्याआधी सह्याद्रीतल्या चार महिन्यांत या फिल्मवर शेवाळ धरेल, धूळ बसेल, पाण्याचा पातळ थर साचून प्रभार निसटेल. व्होल्ट भरपूर आणि करंट नगण्य, म्हणून ही वीज साठवतानाही गळती होते. टेफ्लॉनसारखी फ्लोरिनयुक्त द्रव्यं निसर्गात सहजी विघटित होत नाहीत, तेव्हा झिजलेली फिल्म ओढ्यात जाणार नाही हेही पाहावं लागेल. प्रयोगशाळेतल्या शंभर दिव्यांपेक्षा एका पावसाळ्यात उघड्यावर टिकलेल्या एका फिल्मची बातमी मला जास्त मोठी वाटेल.