दाढेतला टेकू

भाजलेला चणा चावताना आईच्या दाढेचा अर्धा तुकडा हातात आला. रूट कॅनाल आधीच झालं होतं, कॅप तेवढी राहिली होती. दादरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं, तर कॅप बसावी असं फारसं काही उरलंच नव्हतं. अशा वेळी आत भराव घालून खुंट उभारतात आणि त्यावर कॅप चढवतात. या खुंटाला कोअर म्हणतात. आईची मागणी सोपी होती : "चांदी असो की सिमेंट, सगळ्यात मजबूत काय ते भरा."

माझं आयुष्य बांधकामात गेलं. मजबूत म्हटलं की मला क्यूब आठवतो. मुंबईतल्या कुठल्याही साइटवर १५ सेंटिमीटरचे काँक्रीटचे ठोकळे २८ दिवस पाण्यात ठेवून मशिनखाली फोडतात. एम-२५ काँक्रीट म्हणजे चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन. दाताच्या आतला भाग, डेंटिन, याच मापात ३०० च्या आसपास भरतो. स्लॅबच्या बारापट! चांदी, म्हणजे पारा आणि चांदी-कथील-तांब्याचं अमाल्गम, पूर्ण घट्ट झाल्यावर ४०० च्या घरात जाते. दाताच्या रंगाचं काँपोझिट २५० ते ३००. लोक ज्याला नुसतं सिमेंट म्हणतात ते ग्लास आयोनोमर १५० ते २००.

आकडे बघून चांदी जिंकली असं वाटेल. पण घास चावताना जोर तिरका येतो. खुंटाची एक बाजू दबते, दुसरी उघडू पाहते, आणि तडा उघडणाऱ्या बाजूने जातो. त्यामुळे भराव ताण, म्हणजे ओढ, किती सोसतो ते बघावं लागतं. त्यासाठी दंडगोल आडवा ठेवून वरून दाबतात, तो मधोमध उभा चिरतो. आम्ही काँक्रीटवाले याला ब्राझिलियन चाचणी म्हणतो. दंतशास्त्राच्या प्रयोगशाळेत हीच चाचणी काही मिलिमीटरच्या नमुन्यांवर होते. इथे चांदी आणि काँपोझिट साधारण ४० ते ६०, आणि ग्लास आयोनोमर जेमतेम १० ते २०. सळई नसलेलं काँक्रीटच म्हणा ना. त्यात चांदीची पूड मिसळून पाहिली गेली. रंग काळवंडला, ताकद फारशी वाढली नाही. लहान खड्डा बुजवायला ग्लास आयोनोमर उत्तम, कारण दाताला स्वतःहून चिकटतं. पण अर्धी दाढ उभारायचं काम त्याच्यावर टाकू नये, असं माझं मत.

चांदीची अडचण वेगळी. तिची ताकद हळूहळू चढते, त्यामुळे खुंट कोरायला सहसा दुसऱ्या दिवशी यावं लागतं. विरारहून लोकलने येणाऱ्याला आणखी एक खेप. शिवाय ती दाताला चिकटत नाही, खाचांत अडकून बसते. पाऱ्यामुळे तिचा वापर जगभर कमी होत चालला आहे ते निराळंच. काँपोझिट निळ्या प्रकाशात काही सेकंदांत कडक होतं, मात्र तेव्हा आकारमानाने दोन-तीन टक्के आक्रसतं. म्हणून ते साधारण दोन-दोन मिलिमीटरच्या थरांनी चढवतात. थुंकीचा ओलावा लागला तर चिकटणं बिघडतं. तेवढ्यासाठी रबराचा पडदा लावून दाढ कोरडी ठेवायची. ते लवचीकपणात डेंटिनच्या जवळ जातं, दाताबरोबर वाकतं, हे मला सगळ्यात आवडलं.

डॉक्टर मात्र भरावाबद्दल फारसं बोललेच नाहीत. ते मापत होते ती उरलेल्या दाताची कड. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव आवळतात, तशी कॅपची कड खऱ्या दाताला चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी कवेत घ्यायला हवी. ती पकड नसेल तर कितीही दणकट कोअर मुळासकट हलतो, नाहीतर मूळच उभं चिरतं. मूळ चिरलं की बहुधा दाढ काढावीच लागते.

आईच्या दाढेची कड तीन बाजूंनी पुरेशी होती, जिभेकडची एक मिलिमीटरसुद्धा नव्हती. तिथली हिरडी आणि थोडं हाड खाली घेऊन कड मोकळी करायची ठरली. कोअर काँपोझिटचा.

परतताना टॅक्सीत आईची कुरकुर चालली होती, "दात भरायला आले, तर हिरडी कापायला निघालेत."