बालभत्ता आणि उच्च उत्पन्न गटातील कुटुंबे

बालभत्ता म्हणजे मुलांच्या संगोपनाच्या खर्चाला हातभार म्हणून सरकार पालकांना नियमितपणे देते ती रक्कम. काही देशांत ती दर आठवड्याला वा महिन्याला खात्यात जमा होते, काही देशांत करातली सवलत म्हणून पदरात पडते. चांगली कमाई असलेल्या घरांनाही ही रक्कम द्यावी, की उत्पन्नाची अट घालून ती गरजूंपुरती ठेवावी, हा वाद जवळपास भत्त्याइतकाच जुना आहे. ज्या देशांनी भत्ता सरसकट सुरू केला त्यांतल्या काहींनी पुढे अट घातली, आणि अट घालून सुरुवात करणाऱ्यांपैकी काहींनी ती काढून टाकली. ज्याला गरज नाही त्याला सरकारी पैसा कशाला, हा प्रश्न रास्त वाटतो. पण धोरण ठरवताना अडचण येते ती पुढच्या पायरीवर: गरज नसलेला नेमका कोण, हे कशावरून ठरवायचे, आणि त्याच्याकडे जाणारा पैसा कुठे अडवायचा.

पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये या भत्त्यासाठी सर्वांत चिवटपणे लढल्या त्या खासदार एलिनॉर रॅथबोन. मजुरी कामावर ठरते, घरात किती तोंडे आहेत यावर नाही. म्हणून मुलांचा खर्च समाजाने वेगळा उचलला पाहिजे आणि तो पैसा आईच्या हाती गेला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९४५ च्या कुटुंब भत्ता विधेयकात रक्कम वडिलांना देण्याची तरतूद होती. रॅथबोन यांच्या विरोधानंतर ती बदलून आईला देण्याचे ठरले. ऑगस्ट १९४६ पासून दुसऱ्या आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग मिळू लागले. ते पाहायला रॅथबोन हयात नव्हत्या. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचे निधन झाले होते.

भत्त्याला उत्पन्नाची अट नव्हती, आणि त्याला कारण होते. १९३० च्या दशकात बेकारभत्ता देण्याआधी अधिकारी घरात येऊन कमावत्या मुलांचा पगार विचारत, घरातले सामानसुमान मोजत. त्या चौकशीची चीड कामगार वस्त्यांत अजून ताजी होती. नॉर्वेने १९४६ मध्ये, स्वीडन आणि फिनलंडने १९४८ मध्ये असाच सरसकट भत्ता सुरू केला. कॅनडात तो १९४५ पासूनच मिळत होता.

सरसकट देणे म्हणजे श्रीमंतांवर उधळण, हा समज मात्र तेव्हाही चुकीचा होता. ब्रिटनमधला भत्ता करपात्र होता. १९६८ मध्ये भत्ता वाढवताना करसवलती अशा बेताने कमी केल्या गेल्या की कर भरणाऱ्या घरांना दिलेली वाढ करातून परत यावी. सगळ्यांना द्यायचे आणि ज्यांना परवडते त्यांच्याकडून करातून वसूल करायचे, ही वाट तेव्हापासून मळलेली आहे. आजच्या चर्चेत तिचा उल्लेखही क्वचित होतो, हे खटकते.

तुलना कोणाची कोणाशी

अट घालण्याच्या बाजूचा युक्तिवाद गरीब आणि श्रीमंत यांच्या तुलनेवर उभा आहे. पैसा मोजका आहे, तर तो जिथे सर्वांत उपयोगी पडेल तिथे द्यावा. पण आणखी एक तुलना आहे. एकाच कार्यालयात, एकाच पगारावर काम करणारे दोघे घेतले आणि त्यांतल्या एकाला तीन मुले असली, तर दोघांची कर भरण्याची ऐपत सारखी उरत नाही. बालभत्त्याने हा फरकही भरून निघतो. वरच्या उत्पन्नगटातला भत्ता बंद केला की त्या गटात मुले असलेले आणि नसलेले एकाच मापाने मोजले जातात, आणि श्रीमंतांकडून जादा पैसा घ्यायचा भार फक्त मुले असलेल्या श्रीमंतांवर पडतो. मूल नसलेल्या तितक्याच श्रीमंताला तोशीस लागत नाही. अटीच्या समर्थकांनी या मुद्द्याचे उत्तर द्यायला हवे. बहुतेक वेळा ते दिले जात नाही.

जर्मनीत हा मुद्दा थेट न्यायालयाने निकालात काढला. मुलाच्या किमान निर्वाहाला लागणाऱ्या रकमेवर राज्याला कर घेता येणार नाही, असे तिथल्या संघीय घटनात्मक न्यायालयाने १९९० मध्ये ठरवले. त्यामुळे कर कार्यालय स्वतःच पडताळून पाहते की कुटुंबाला मासिक भत्ता फायद्याचा आहे की करसवलत. २०२३ मध्ये भत्ता महिन्याला २५० युरो, म्हणजे वर्षाला ३,००० युरो होता. करमुक्त रक्कम आईवडिलांची मिळून ८,९५२ युरो होती; ४२ टक्के दराने कर भरणाऱ्या जोडप्याची त्यातून सुमारे ३,७६० युरोंची बचत होई. म्हणजे अधिक कमावणाऱ्याला मुलामागे अधिकच मिळाले. न्यायालयाचा तर्क कायद्याच्या अंगाने पक्का आहे, पण निष्पत्ती पटण्यासारखी नाही. निर्वाहाची रक्कम करमुक्त ठेवायची तर ती प्रत्येकाला सारख्याच रोख रकमेने भरून देता येते.

अट घातल्यावर काय होते : ब्रिटनचा अनुभव

ऑक्टोबर २०१० मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी वरच्या करदरातल्या कुटुंबांचा भत्ता काढून घेण्याची घोषणा केली. ७ जानेवारी २०१३ पासून अमलात आलेली पद्धत थोडी वेगळी होती. भत्ता चालूच राहिला, मात्र दोघांपैकी ज्याची कमाई जास्त, त्याचे उत्पन्न ५०,००० पौंडांच्या वर गेले की प्रत्येक १०० पौंडांमागे भत्त्याचा १ टक्का कर म्हणून परत घेतला जाई. ६०,००० पौंडांवर सगळा भत्ता संपे.

यातून दोन गोष्टी घडल्या. नवरा-बायको दोघेही प्रत्येकी ५०,००० पौंड कमावत असतील तर एक लाख पौंडांच्या त्या घराला पूर्ण भत्ता मिळे. एकटी आई ६०,००० पौंडांवर घर चालवत असेल तर तिला काहीच नाही. कर माणसागणिक आकारायचा आणि भत्ता घराकडे पाहून द्यायचा, या दोन पद्धतींची सांगड न घातल्याचा हा परिणाम. दुसरी गोष्ट त्या १०,००० पौंडांच्या पट्ट्यातली. तीन मुलांच्या घराचा भत्ता तेव्हा वर्षाला सुमारे २,४५० पौंड होता. तो इतक्या अरुंद पट्ट्यात काढून घ्यायचा म्हणजे वाढीव कमाईवर जवळपास साडेचोवीस टक्क्यांचा जादा कर. त्यात ४० टक्के प्राप्तिकर आणि २ टक्के राष्ट्रीय विमा धरला की पगारवाढीतला दोन तृतीयांश वाटा सरकारजमा. जादा काम नाकारणे किंवा जादा कमाई निवृत्तिवेतन योजनेत वळवून उत्पन्न मर्यादेखाली ठेवणे, हे मग ओघाने आलेच.

सर्वांत वाईट परिणाम मात्र ज्यांच्यासाठी नियम नव्हता त्यांच्यावर झाला. भत्त्याचा अर्ज भरला की घरी राहून लहान मूल सांभाळणाऱ्या पालकाच्या नावे सरकारी निवृत्तिवेतनासाठीची वर्षे जमा होत. ‘आपल्याला मिळणारच नाही, तर अर्ज कशाला’ म्हणून अनेक घरांनी अर्ज केला नाही, आणि मुख्यतः बायकांच्या निवृत्तिवेतनाच्या नोंदीत खिंडारे पडली. पगारदार माणसाला एरवी करविवरणपत्र भरावे लागत नाही. आता ते भरायचे आहे हे ठाऊक नसलेल्या कित्येकांना दंडाच्या नोटिसा गेल्या.

एप्रिल २०२४ मध्ये मर्यादा ६०,००० आणि ८०,००० पौंड अशी वाढवली गेली, त्यामुळे वसुलीचा पट्टा रुंदावला. एका व्यक्तीऐवजी घराचे एकत्र उत्पन्न धरण्याची घोषणाही त्याच वर्षी मार्चमध्ये झाली. सरकार बदलल्यावर ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात ती सोडून देण्यात आली.

अट काढून टाकणारे देश

दक्षिण कोरियाने सप्टेंबर २०१८ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांसाठी महिन्याला एक लाख वॉनचा भत्ता सुरू केला, तो वरच्या १० टक्के घरांना वगळून. ती दहा टक्के घरे शोधायची तर सगळ्यांचेच उत्पन्न, घर, ठेवी तपासाव्या लागतात. तपासणीचा खर्च आणि लाखो पालकांना कागदपत्रांसाठी होणारा त्रास पाहून अट काही महिन्यांतच काढली गेली. २०१९ पासून भत्ता सर्वांना मिळू लागला. थोड्यांना वगळण्यासाठी सगळ्यांची झडती घ्यावी लागते, हे इतक्या लवकर कबूल करणारे सरकार विरळाच.

पोलंडमध्ये २०१६ ची योजना दुसऱ्या मुलापासून सरसकट होती; पहिल्या मुलासाठी मात्र दरडोई उत्पन्न ८०० झ्लॉटींच्या आत असावे लागे. एकच मूल असलेली एकटी आई या रेषेच्या किंचित वर गेली तरी तिचे ५०० झ्लॉटी जात, आणि दोन मुलांच्या सधन घराला मात्र ते मिळत. जुलै २०१९ मध्ये ही अट रद्द झाली. जपानने २०१० मध्ये सरसकट भत्ता आणला, २०१२ मध्ये उत्पन्नमर्यादा परत घातली, २०२२ मध्ये ती आणखी कडक केली आणि जन्मदराच्या चिंतेपोटी ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्णपणे हटवली.

अटीच्या बाजूचा सर्वांत सबळ दाखला

तो कॅनडाचा आहे. तिथला जुना सरसकट भत्ता १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस बंद झाला. जुलै २०१६ पासून दिला जाणारा भत्ता ३०,००० डॉलरपर्यंतच्या घरांना पूर्ण (सुरुवातीला सहा वर्षांखालच्या मुलामागे वर्षाला ६,४०० डॉलर) आणि त्यापुढे उतरत्या क्रमाने दिला गेला. इथे उतार लांब आणि सौम्य आहे. वेगळा दाखला लागत नाही, आदल्या वर्षीच्या विवरणपत्रावरून रक्कम आपोआप ठरते. गरीब घरांना आधीपेक्षा बरेच जास्त मिळाले आणि बालदारिद्र्य घटले. तरीही जे विवरणपत्रच भरत नाहीत ते यातून निसटतात, आणि त्यांत दुर्गम भागातल्या मूलनिवासी वस्त्या आहेत. फ्रान्सनेही मधला मार्ग धरला: २०१५ पासून दोन मुलांच्या घराचा भत्ता मासिक ६,००० युरोंच्या वर निम्मा आणि ८,००० च्या वर चौथाई. त्याआधी १९९८ मध्ये घातलेली अट विरोधामुळे मागे घेऊन, त्याऐवजी सधन कुटुंबांच्या करसवलतीला कात्री लावली गेली होती.

अमेरिकेतली रचना तर उफराटी आहे. २०१८ पासून मुलामागे २,००० डॉलरची करसवलत चार लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या जोडप्यांना पूर्ण मिळत असे, पण ज्यांची कमाई नगण्य आहे त्यांना ती पूर्ण मिळत नसे. २०२१ मध्ये एका वर्षापुरती ही त्रुटी दूर केली आणि रक्कमही वाढवली, तेव्हा बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आले. तरतूद संपताच २०२२ मध्ये ते १२.४ टक्के झाले. श्रीमंतांना वगळण्याआधी गरिबांपर्यंत पूर्ण रक्कम पोहोचते का, हे तपासणे अधिक निकडीचे आहे.

राजकीय टिकाऊपणा आणि घरातली वाटणी

वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या स्वीडिश अभ्यासकांनी १९९८ मध्ये मांडले की जे देश मदत फक्त गरिबांवर केंद्रित करतात ते एकूण विषमता कमीच घटवतात, कारण मध्यमवर्गाचा पाठिंबा सुटला की योजनेचा निधीच आटतो. पुढच्या वर्षांतल्या आकडेवारीत हा संबंध तितका घट्ट दिसलेला नाही.

उत्पन्न घराचे म्हणून मोजले जाते, पण ते घरात सारखे वाटले जातेच असे नाही. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९७९ दरम्यान वडिलांच्या पगारातली करसवलत रद्द करून ती रक्कम आईला रोख मिळू लागली. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स यांच्या १९९७ च्या अभ्यासात या बदलानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढल्याचे आढळले. घराच्या एकूण उत्पन्नात फारसा फरक नव्हता. पैसा कोणाच्या हाती पडला हे बदलले होते. नवरा भरपूर कमावतो पण घरखर्चाला हात आखडता घेतो, अशा घरातल्या बाईसाठी बालभत्ता हे तिच्या नावावर येणारे एकमेव उत्पन्न असू शकते. उत्पन्नाची अट लावणारा अधिकारी नवऱ्याचा पगार पाहतो आणि ती रक्कम बंद करतो. करातून वसुली करणारी पद्धत तीच रक्कम नवऱ्याच्या पगारातून घेते आणि तिचा भत्ता तिच्याकडे राहू देते.