टपटप आणि टपोरे: ध्वनिदर्शक शब्द कुठला, अनुप्रास कुठला?

‘टपटप पडले टपोरे थेंब.’ तिसरी-चौथीतल्या मुलाने अशी ओळ लिहिली की आपण ‘वा, छान ध्वनिदर्शक शब्द!’ म्हणून पुढे जातो. पण ‘टपटप’ हा थेंबांचा आवाज आहे. ‘टपोरे’ म्हणजे नुसते मोठे, त्याला आवाज नाही. तो शब्द शोभतो तो पुन्हा आलेल्या ‘टप’मुळे. अक्षरांच्या अशा पुनरावृत्तीला अनुप्रास म्हणतात.

अनुप्रासाला आवाज लागतच नाही. ‘मऊ मखमली मांजर’ गाढ झोपलेले असले तरी अनुप्रास साधतो. उलट ‘वही धपकन पडली’ यात आवाज आहे, अनुप्रास नाही. गोंधळ होतो कारण आपले ध्वनिदर्शक शब्द बहुधा जोडीने येतात: सळसळ, खळखळ, किणकिण. अक्षरे शब्दाच्या पोटातच दोनदा येतात. त्यात चमचम, लुकलुक हे शब्दही तसेच दिसतात. ‘तारकांचा चमचमाट’ तर ध्वनिदर्शक शब्दांच्या याद्यांतही असतो. पण चांदणी कुणी ऐकली आहे? मुलांना एवढेच विचारावे: डोळे मिटल्यावर हे कळेल का?

माझ्या मते वर्गात आधी कान, मग अक्षरे. अनुप्रासापासून सुरुवात केली की ‘काकाने काळ्या कापडाचे कपडे कापले’ अशा ओळी येतात. अक्षर जुळते, पण सांगायचे काहीच नसते.

त्यापेक्षा गळका नळ ऐकायला लावा. पाठ असलेले ‘टपटप’ सगळे लिहितील. ते खोडायला न लावता म्हणा, ‘पुन्हा ऐका.’ रिकाम्या पत्र्याच्या बादलीत थेंब ‘टण्’ वाजतो, तळाशी पाणी साचले की ‘टुप्’. कुणी ‘टिडूक’ लिहिले तर तेही राहू द्या, कोशात नसले तरी. कोंबडा मराठीत ‘कुकूचकू’ करतो आणि फ्रेंचमध्ये ‘कोकोरिको’. ऐकलेला आवाज प्रत्येक भाषेने आपापल्या अक्षरांत बसवला आहे. मुलांनाही तो हक्क आहे.

मग त्याच ओळींवर अनुप्रासाचा हात फिरवावा, हलकाच:

टण् म्हणाली तहानलेली बादली,
टुप् म्हणाली तळ्याएवढी झाली,
नळ मात्र अजून बोलतोच आहे.

‘टण्’ आणि ‘टुप्’ कानाने दिले. ‘तहानलेली’ आणि ‘तळ्याएवढी’ मधला ‘त’ शोधून आणलेला.