भिंत 14 मिलिमीटर: खेळाडूचं हृदय की एचसीएम?

टू-डी इकोच्या रिपोर्टमध्ये 'आयव्हीएस' नावाची एक ओळ असते. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये स्नायूचा जो पडदा असतो, त्याची ही जाडी. एरवी ती 11 मिलिमीटरच्या आतबाहेर असते. तिथे 14 आलं आणि समोर बसलेला माणूस पंचविशीतला, तब्येतीने ठणठणीत खेळाडू असला, की डॉक्टर थोडे गप्प होतात. कारण हे वर्षानुवर्षं घाम गाळून कमावलेलं हृदय असू शकतं, तसंच हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीही, म्हणजे एचसीएम. यात जनुकातल्या दोषामुळे, वरून काही ओझं नसतानाही स्नायू जाड होत जातो. (जुनं ब्लडप्रेशर हे भिंत जाडावण्याचं आपल्याकडचं सगळ्यात नेहमीचं कारण. ते आणि झडपेचा आजार नाही, हे आधी पाहून घेतलेलं आहे असं धरून पुढे जाऊ.)

दोन्ही गोष्टी वैद्यकाला कळल्या त्या अगदी वेगळ्या जागी. 1899 मध्ये हेन्शेन या स्वीडिश डॉक्टरांनी बर्फावरून लांब पल्ल्याच्या शर्यती करणाऱ्या स्कीपटूंची छाती बोटांनी ठोकून पाहिली आणि त्यांचं हृदय मोठं असल्याचं नोंदवलं. एचसीएमचं आधुनिक वर्णन आलं ते शवविच्छेदनाच्या टेबलावरून. 1958 मध्ये लंडनचे डोनाल्ड टेअर यांनी पडदा वेडावाकडा जाड झालेल्या तरुण हृदयांविषयी लिहिलं. त्यातले बहुतेक जण अचानक गेलेले होते. 2003 मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए सामना चालू असताना कोसळून गेला. शवविच्छेदनात एचसीएमच निघाला. साधारण 500 माणसांत एकाला हा आजार असतो, त्यातल्या पुष्कळांचं आयुष्य नीट पार पडतं; पण ओळख चुकली तर किंमत काय पडते, ते फोएच्या उदाहरणावरून कळतं.

मग आकड्यावरूनच का ठरवता येत नाही? प्रौढ माणसात 15 किंवा त्याहून जास्त मिलिमीटर हा एचसीएमचा उंबरठा. घरात कुणाला आजार असेल तर 13 सुद्धा पुरतात. आणि खेळाडू कुठपर्यंत जातात? इटलीत पेलिचिया आणि सहकाऱ्यांनी 947 अव्वल खेळाडूंचे इको केले, तो अभ्यास 1991 मध्ये छापून आला. 13 किंवा त्याहून जाड भिंत निघाली फक्त 16 जणांची, आणि त्यातले 15 जण नाव वल्हवणारे. सगळ्यात जाड भिंत 16 मिलिमीटरची. म्हणजे 13 ते 15 हा पट्टा दोघांचाही. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त बोलकी वाटते: त्या सोळाही जणांचा डावा कप्पा आतून ऐसपैस होता, 55 ते 63 मिलिमीटर.

खरी गोम इथे आहे. सतत जास्त रक्त पेलावं लागलं की कप्पा मोठा होतो आणि भिंत त्याच्या मागोमाग, सगळीकडे साधारण सारखी जाडावते. एचसीएममध्ये स्नायू आतल्या बाजूला वाढून कप्प्याची जागाच खातो; पोकळी बऱ्याचदा 45 च्याही खाली जाते. जाडीही सारखी नसते. पडद्यावर गाठ आल्यासारखी, शेजारच्या भागात एकदम कमी. तेव्हा रिपोर्ट हातात आला की भिंतीच्या आकड्याबरोबर 'एलव्हीआयडीडी', म्हणजे पूर्ण भरलेल्या डाव्या कप्प्याची आतली रुंदी, हा आकडाही बघावा. 14 आणि 58 ही जोडी एक गोष्ट सांगते, 14 आणि 41 ही दुसरीच.

यानंतर स्नायू सैल कसा पडतो ते बघायचं. टिश्यू डॉपलरमध्ये (स्नायू किती वेगाने हलतो ते मोजणारा इकोचाच एक भाग) मायट्रल झडपेच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या झडपेच्या, कडेवर बिंदू ठेवला की रेषेखाली दोन खड्डे उमटतात. तरुण खेळाडूचा पहिला खड्डा खोल, टोकदार असतो, कारण त्याचा कप्पा झटक्यात उघडतो. एचसीएमचा स्नायू ताठर असतो, त्यामुळे हा खड्डा उथळ पडतो, आणि कधीकधी भिंत फारशी जाड नसतानाही तसाच दिसतो.

टेक्निशियन मध्येच 'श्वास रोखून पोटाला जोर लावा' म्हणतात तेही उगाच नाही. एचसीएममध्ये हृदय आकुंचन पावताना मायट्रल झडपेची पाकळी पडद्याकडे ओढली जाऊन रक्ताची वाट अडवू शकते, आणि जोर लावल्यावर हा अडथळा वाढतो. अडथळ्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबात 30 मिलिमीटर पारा किंवा जास्त फरक आला तर अडथळा आहे असं धरतात. मात्र साधारण तिघांतल्या एका रुग्णात काहीही केलं तरी तो दिसून येत नाही. अडथळा नाही म्हणजे आजार नाही, असा हिशेब करू नये.

इकोच्या मर्यादाही आहेत. इकोची ध्वनिलहर तिरकी गेली तर भिंत जाड मोजली जाते. उजव्या कप्प्यातला एखादा स्नायूचा पट्टा पडद्याला चिकटलेला असला आणि तोही मोजला गेला, तर 12 चे 14 सहज होतात. उलट हृदयाच्या टोकाशी असलेली जाडी इकोत निसटते. हा टोकाचा प्रकार पहिल्यांदा जपानमधून वर्णिला गेला, आणि त्यात बऱ्याचदा ईसीजीवर खोल उलट्या टी लहरी दिसतात. ईसीजी असा आणि इको 'नॉर्मल', तर तिथे थांबू नये. एमआरआय मागावा.

एमआरआयमध्ये हृदयाचे काप मिळतात आणि भिंत टोकापर्यंत मोजता येते. त्याहून मोलाचं म्हणजे भिंत कशाची बनली आहे तेही दिसतं. गॅडोलिनियम हे चित्रात फरक उठून दिसावा म्हणून वापरायचं औषध शिरेतून दिल्यावर दहाएक मिनिटं थांबून चित्रं घेतात: निरोगी स्नायू काळा, व्रण पांढरा. एचसीएममध्ये जाड झालेल्या भागातच ठिगळाठिगळांनी पांढरं दिसतं. ते डाव्या कप्प्याच्या स्नायूच्या 15 टक्के किंवा त्याहून जास्त भागात असेल तर अचानक मृत्यूचा धोका वाढलेला मानतात. खेळाडूत बहुधा काहीच नसतं. क्वचित, बरीच वर्षं लांब पल्ल्याचं पळणाऱ्यांत, उजवा कप्पा पडद्याला जुळतो तिथे छोटासा ठिपका दिसतो. आणखी एक बारकावा आहे. खेळाडूत पेशी जाड होतात आणि त्यांच्यामधल्या जागेचं प्रमाण घटतं. एचसीएममध्ये पेशींमध्ये तंतू साचून ते वाढतं. टी-वन मॅपिंग या एमआरआयच्याच एका पद्धतीत हा आकडा काढता येतो.

तरीही निकाल लागला नाही तर तीन महिने सराव बंद ठेवून पुन्हा मोजायचं. खेळाडूची भिंत उतरते, एचसीएमची तशीच राहते. ऐन हंगामात हा सल्ला कुणाला रुचत नाही, पण उपयोगाचा आहे.

आता थोडं स्पष्ट बोलतो. आठवड्यातून तीनदा दहा किलोमीटर पळून आणि वर्षाला एक हाफ मॅरेथॉन करून 15 मिलिमीटरची भिंत होत नाही. ती ऑलिंपिकच्या तोडीच्या वल्हवणाऱ्यांतही विरळाच. बायकांत तर अव्वल खेळाडूंचीसुद्धा भिंत 12 च्या वर जवळपास कधीच जात नाही. 'मी पळतो ना, म्हणून असेल' हे उत्तर हौशी धावपटूने स्वतःला देऊ नये.

घरचा इतिहासही विचारावा लागतो. एचसीएमचं जनुक आईवडिलांपैकी एकात असेल तर प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी असते. आपल्या उपखंडात याला आणखी एक पदर आहे: स्नायूच्या एका प्रथिनाच्या जनुकातून डीएनएची 25 अक्षरं गळालेला एक बदल इथल्या सुमारे 4 टक्के लोकांत सापडतो. हृदयाच्या स्नायूच्या आजाराशी त्याचा संबंध 2009 मध्ये दाखवला गेला, पण तो असलेले कित्येक जण काहीही त्रास न होता म्हातारे होतात. घरात रुग्ण असेल तर मुलांचा एक इको चांगला आला म्हणून विषय संपत नाही. वाढत्या वयात दर एक-दोन वर्षांनी आणि मोठेपणी तीन ते पाच वर्षांनी तो पुन्हा करतात. आणि जाताना नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका, जुन्या तपासणीची सीडीही न्या. 13 चे 14 झाले ते वाढल्यामुळे की दुसऱ्या हाताने मोजल्यामुळे, हे जुनी चित्रं शेजारी ठेवल्याशिवाय कुठल्याच डॉक्टरला सांगता येत नाही.